कागद कोणाचा, मजकूर कोणाचा?

सेवानिवृत्तीनंतर आम्ही आमच्या घराण्याची हकिगत लिहून काढली आणि नातलगांत वाटण्यापुरती छापून घेतली. तीत होळकरशाहीतील एक जुनी सनद होती, आणि ग्वाल्हेरास दिलेल्या आमच्या आत्याने आपल्या थोरल्या भावास लिहिलेली चार पत्रे होती. पुस्तिका हाती पडताच थोरल्या काकांचे चिरंजीव रागावले. "पत्रे आमच्या पेटीतली. वाचायला दिली होती, छापायला नव्हे!" आम्हीही चढ्या आवाजात म्हणालो, "दादा, घराण्याचे कागद सर्वांचेच असतात." उभी नोकरी नियमांच्या पुस्तकात घालवूनही स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा, कायदा आम्ही त्यानंतरच प्रथम उघडला. तेव्हा उमगले की आम्ही दोघेही चुकलो होतो.

आजचा कायदा १९५७ चा. त्याचा अंमल २१ जानेवारी १९५८ पासून सुरू झाला. या कायद्याच्या दृष्टीने कागद आणि मजकूर या दोन निराळ्या वस्तू आहेत. पत्र ज्यास आले, कागद त्याचा. परंतु त्यातील मजकूर प्रसिद्ध करण्याचा हक्क लिहिणाराचा, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. म्हणजे पेटी दादांची असली तरी शब्द आत्याचे होते आणि हक्क होता वडोदऱ्यास असलेल्या तिच्या मुलांचा. त्यांना ना दादांनी विचारले होते, ना आम्ही.

मुदतीचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही वर्षे पुढील जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती; ती १९९२ च्या दुरुस्तीने वाढली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. त्यांनी छापलेले साधनखंड केव्हाच सर्वांसाठी मोकळे झाले. बडोदे दरबारच्या सेवेत आयुष्य वेचलेले रियासतकार सरदेसाई १९५९ साली गेले. त्यांच्या रियासती २०२० पासून मोकळ्या झाल्या. सरकारी प्रकाशनांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून सरदेसायांनीच संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्याहून पुष्कळ आधी मुक्त झाले होते.

मात्र लेखकाच्या हयातीत जे छापलेच गेले नाही, त्याची ६० वर्षे प्रथम प्रसिद्धीनंतर सुरू होतात. आमची आत्या १९६८ साली गेली. पण तिची पत्रे रीतसर कधीच प्रसिद्ध झाली नसल्याने त्यांची मुदत मोजण्यास आरंभच झालेला नव्हता. ट्रंकेत पडून राहिल्याने कागद जुना होतो, हक्क जुना होत नाही.

सनदेविषयी ही अडचण नव्हती. आपल्या देशात असा पहिला कायदा झाला १८४७ साली. सनद त्याच्याही आधीची. परंतु तेथे आमचा निराळाच दोष घडला होता. ज्या गृहस्थांनी ती मोडीतून बाळबोधीत उतरवून दिली, त्यांचे नाव आम्ही घातलेच नव्हते; पैसे दिले, काम झाले, अशी आमची समजूत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. कोठे शब्द संपला, अक्षर कोणते, हे वाचणाराने ठरवायचे असते. केवळ श्रमाने स्वामित्वहक्क उपजत नाही, त्यास कौशल्य आणि निर्णयबुद्धीची जोड हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. लिप्यंतर त्यात कितपत बसते हे प्रकरणपरत्वे ठरेल. टीपा, प्रस्तावना व भाषांतर निःसंशय बसतात. नावे, जन्मसाल, गावे यांवर मात्र कोणाचीच मालकी नसते. जुन्या कुलवृत्तांतातून वंशावळीची माहिती घेता येते; त्यातील लेखन जसेच्या तसे उचलता येत नाही.

हे वाचून कोणी रुमाल अधिकच घट्ट बांधून ठेवील, अशी भीती आम्हांस वाटते. तसे मुळीच करू नये. कायद्यातच एक वाट आहे. लोकांस खुल्या असलेल्या ग्रंथालयात वा संग्रहालयात ठेवलेले अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूस ६० वर्षे उलटल्यावर, संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूनेही उतरवून घेता येते. जे पेटीत अडकून पडते, ते सार्वजनिक संग्रहात पुढील पिढीस मोकळे होते. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांचे कागद वाळवीस जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

आम्ही वडोदऱ्यास क्षमापत्र धाडले. आतेभावाचे उत्तर चार ओळींचे होते. पत्रे छापल्याबद्दल तक्रार नव्हती; फक्त शेवटच्या पत्रातील घरगुती उल्लेख पुढील आवृत्तीत गाळावा, आणि मूळ पत्रे एकदा पाहावयास मिळावीत, कारण आईचे अक्षर त्यांच्या घरी कोठेच उरलेले नाही, एवढेच त्यात होते. ते उत्तर दादांना दाखविले. त्यांनी मुकाट्याने पेटी उघडली आणि चारही पत्रे आमच्या हाती दिली. वडोदऱ्यास ती आम्ही स्वतः घेऊन गेलो.