'वन हेल्थ' म्हणजे काय? वसई-विरारमध्ये जनावरांचे डॉक्टर आणि माणसांचे डॉक्टर एकत्र का हवेत?

फेब्रुवारी 2022. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली गावात सुमारे शंभर कोंबड्या दगावल्या. तपासणीत बर्ड फ्लूचं निदान झालं. त्यानंतर काही दिवसांतच शेजारच्या पालघर जिल्ह्यात, वसई-विरार परिसरातील कुक्कुटपालन केंद्रातल्या पक्ष्यांचे नमुनेही पॉझिटिव्ह आले.

कोंबड्यांचा आजार म्हणजे पशुसंवर्धन विभागाचं काम. पण रोज त्यांना दाणापाणी करणारी, मेलेल्या कोंबड्या उचलणारी माणसं असतात. त्यांच्यापैकी कुणाला ताप आला तर ते जनावरांच्या दवाखान्यात जाणार नाहीत. ते जातील गल्लीतल्या डॉक्टरकडे किंवा महापालिकेच्या रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरला पोल्ट्रीत काय घडलं हे माहीत नसेल, तर तो साधा ताप समजून गोळ्या देईल.

ही बातमी एका विभागातून दुसऱ्या विभागात वेळेवर पोहोचावी, यासाठी जी पद्धत आहे तिला 'वन हेल्थ' म्हणतात. मराठीत 'एक आरोग्य'.

प्राण्यांपासून होणारे आजार किती?

प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या आजारांना 'झुनोटिक' आजार म्हणतात. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे 60 टक्के आजारांचं मूळ प्राण्यांमध्ये आहे. नव्याने उद्भवणाऱ्या आजारांमध्ये हे प्रमाण 75 टक्क्यांच्या आसपास मानलं जातं. रेबीज, लेप्टो, बर्ड फ्लू, काँगो ताप आणि माकडताप ही महाराष्ट्राच्या ओळखीची नावं.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न वेगळा का?

कारण इथे शहर आणि गाव एकमेकांत मिसळलेलं आहे. एकीकडे नालासोपाऱ्यातल्या दाट वस्त्या, दुसरीकडे वाड्या, तबेले, कोंबड्यांची खुराडी आणि तुंगारेश्वरचं जंगल.

यंत्रणाही विभागलेली आहे. 2009 साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेकडे स्वतःचा आरोग्य विभाग आहे. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावांत ग्रामपंचायती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. गुरंढोरं आणि कोंबड्यांची जबाबदारी पशुसंवर्धन यंत्रणेकडे, तर भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेकडे. उंदीर, गोचीड किंवा कुत्रा मात्र हद्द पाळत नाही.

बर्ड फ्लू आला की कोण काय करतं?

पक्षी अचानक मोठ्या संख्येने मेले की नमुने पुण्याच्या आणि तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. आजार निश्चित झाला की साधारण एक किलोमीटर परिसर बाधित क्षेत्र ठरतो. तिथल्या कोंबड्या शास्त्रीय पद्धतीने नष्ट केल्या जातात. दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. हे झालं पशुसंवर्धन विभागाचं काम.

आरोग्य विभागाचं काम त्याच दिवशी सुरू व्हावं लागतं. कोंबड्या हाताळणाऱ्या मजुरांची आणि कर्मचाऱ्यांची यादी करणं, त्यांना संरक्षक कपडे मिळतात का बघणं, ताप-खोकल्यावर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवणं.

माणसाला हा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकतो. भारतात बर्ड फ्लूने माणसाचा पहिला मृत्यू 2021 मध्ये नोंदला गेला. तो हरियाणातला एक लहान मुलगा होता. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खाण्यात मात्र धोका नाही. 70 अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो.

जनावर आजारी दिसलंच नाही तर?

सप्टेंबर 2020 मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने काँगो तापाबाबत सतर्कतेचा इशारा दिला होता. शेजारच्या गुजरातमधल्या काही जिल्ह्यांत हा आजार आढळला होता आणि तो इकडे येण्याची भीती होती. तेव्हा कोविडची साथ भरात होती, तरीही हा इशारा पशुसंवर्धन विभागाकडून निघाला.

काँगो ताप गोचिडीमार्फत पसरतो. बाधित जनावराचं रक्त किंवा मांस हाताळल्यानेही तो होऊ शकतो. गाय, म्हैस, शेळीमध्ये सहसा लक्षणं दिसत नाहीत. माणसात मात्र मृत्यूचं प्रमाण 10 ते 40 टक्के असतं.

म्हणजे इथे बातमी उलट दिशेने जावी लागते. रुग्णालयात संशयित रुग्ण आला, तर डॉक्टरने पशुवैद्यकाला कळवायचं आणि पशुवैद्यकाने त्या गोठ्यात गोचीड निर्मूलन सुरू करायचं.

पाणी तुंबलं की लेप्टो

जुलै 2018 मध्ये वसई-विरारमध्ये अनेक ठिकाणी पाणी साचून राहिलं आणि लोकलही ठप्प झाल्या. अशा पाण्यात उंदीर, कुत्रे आणि गुरांचं मूत्र मिसळतं. पायाला जखम असेल तर लेप्टोचे जीवाणू तिथून शरीरात शिरतात. लक्षणं बहुधा 5 ते 14 दिवसांनी दिसतात. तोवर पाणी ओसरलेलं असतं आणि आपण त्यातून चालत गेलो होतो हे रुग्ण विसरलेला असतो.

डॉक्टरने विचारलं, "तबेल्यात काम करता का? साचलेल्या पाण्यातून गेला होतात का?" तर निदान लवकर होतं. आणि एकाच तबेल्यातले दोन-तीन रुग्ण आले, तर तिथल्या म्हशींची तपासणी व्हायला हवी. फक्त माणसांवर उपचार केले तर रोगाचा स्रोत तसाच राहतो.

एकत्र काम केल्याने खरंच फरक पडतो का?

गोव्याचं उदाहरण जवळचं आहे. तिथे राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण केलं. एखाद्या भागातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. सोबत शाळांमध्ये जनजागृती झाली, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी हेल्पलाइन उभी राहिली. कुत्र्यांमधला रेबीज 90 टक्क्यांहून अधिक घटला. 2021 पर्यंत सलग तीन वर्षं गोव्यात माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती.

फक्त चावा घेतलेल्या माणसाला लस देत राहणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. बादली लागतेच, पण छप्पर कधीतरी दुरुस्त करावं लागतं.

घोडं कुठे अडतं?

बऱ्याचदा भीतीपोटी. कोंबड्या मरू लागल्या तर धंदा बुडेल म्हणून काही जण त्या गुपचूप पुरतात किंवा उरलेल्या विकून टाकतात. पण बर्ड फ्लूमध्ये भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवण्यात मालकाचाही फायदा आहे. शिवाय 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार, अधिसूचित आजाराचा संशय आल्यास कळवणं हे जनावराच्या मालकाचं कर्तव्य आहे.

राष्ट्रीय पातळीवर नागपुरात 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली. पण पहिली खबर कायम गोठ्यातून, पोल्ट्रीतून किंवा गल्लीतूनच येणार आहे.

तुम्ही काय करू शकता?

- कोंबड्या, कावळे किंवा जनावरं अचानक मरू लागली तर हात लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर कळवा.
- कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर रेबीजविरोधी सीरमबद्दल विचारा.
- तुंबलेल्या पाण्यातून जावं लागलं तर प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. मनाने औषध घेऊ नका.
- ताप आल्यावर डॉक्टरांना तुमच्या घरची, गोठ्यातली जनावरं आणि तुमचं काम यांबद्दल आपणहून सांगा. दोन विभागांना जोडणारा पहिला धागा अनेकदा रुग्ण स्वतःच असतो.