बर्कलीच्या चौकात अडकलेली गाडी

१ ऑक्टोबर १९६४, गुरुवार. दुपारचे बारा वाजत आलेत. तुम्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात, स्प्राउल हॉलसमोर उभे आहात. जॅक वाइनबर्ग नावाचा तरुण टेबल मांडून ‘कोर’ या संघटनेचं काम करतोय. ही संघटना कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढते. अशी टेबलं मांडायला विद्यापीठानं गेल्याच महिन्यात मनाई केली आहे. पोलीस त्याला धरून गाडीत बसवतात. ‘खाली बसा!’ कुणीतरी ओरडतं. आजूबाजूची मुलं भराभर गाडीभोवती बसतात, तुम्हीही बसता.

गाडी ३२ तास तिथून हलत नाही. वाइनबर्ग आतच.

मारिओ सॅव्हिओ हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी बूट काढून टपावर चढतो, पत्रा खराब होऊ नये म्हणून. उन्हाळाभर तो मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करत होता. त्याच्यामागून एकेक जण चढून बोलतो. आंदोलनाला विरोध असणाऱ्यांनाही टपावर जागा मिळते, आणि मला या मुलांचं सर्वांत मोठेपण त्यातच दिसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर समझोता करतात. प्रकरण इथेच मिटलं असतं. पण नोव्हेंबरअखेर त्याच दोन दिवसांसाठी सॅव्हिओ आणि काही साथीदारांवर शिस्तभंगाची कारवाई निघते. विद्यापीठानं स्वतःच विझत आलेली आग पुन्हा पेटवली.

२ डिसेंबर. जोन बाएझ गातेय आणि तुम्ही हजारभर मुलांबरोबर स्प्राउल हॉलमध्ये शिरता. रात्री कुणी पुस्तक उघडून बसलंय, कुणी वर्ग भरवलाय. पहाटे गव्हर्नरच्या हुकमानं पोलीस येतात. अंग सैल सोडून पडलेल्या मुलांना जिन्यांवरून फरफटत खाली नेतात. जवळजवळ ८०० जणांना अटक होते.

८ डिसेंबरला तुम्ही व्हीलर हॉलबाहेरच्या गर्दीत आहात. आत प्राध्यापकांची सभा चाललीय, तिचा शब्दन् शब्द कर्ण्यांवरून ऐकू येतो. भाषणाची वेळ, जागा, पद्धत विद्यापीठानं ठरवावी, मजकुरावर मात्र बंधन नको, असा ठराव आहे. बाजूनं ८२४, विरुद्ध ११५. प्राध्यापक बाहेर पडतात तेव्हा मुलं दुतर्फा सरकून वाट करून देतात आणि टाळ्या वाजवत राहतात.

जानेवारीत नवे हंगामी कुलगुरू मार्टिन मेयरसन यांनी टेबलांना परवानगी दिली. स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांना विद्यापीठानं सॅव्हिओचं नाव दिलं ते १९९७ साली, तो गेल्यानंतर. प्राध्यापकांना सप्टेंबरातच विचारलं असतं, तर पोलिसांना बोलवायची गरजच पडली नसती.