बोर्दोतली १८५५ सालची पंगत

आपल्याकडे लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसणार यावरून रुसवेफुगवे होतात. पण ती पंगत तासाभरात उठते. फ्रान्समधल्या बोर्दोत १८५५ साली एक पंगत बसली, ती अजून उठलेली नाही! वाईनची पंगत हो.

झालं असं, की त्या वर्षी तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरवलं. बोर्दोच्या व्यापारी मंडळाला तिथे आपल्या भागातल्या वाईन मांडायच्या होत्या आणि सोबत त्यांची क्रमवारीही द्यायची होती. ५ एप्रिलला मंडळाने शहरातल्या दलालांच्या संघटनेला पत्र लिहिलं. १८ एप्रिलला यादी तयार! तेरा दिवसांत एवढ्या वाईन चाखून, ताडून नंबर देणार कसे? ते त्यांनी केलंच नाही. कुठली वाईन वर्षानुवर्षं काय भावाने जाते हे दलालांना पक्कं ठाऊक होतं. त्या भावावरून त्यांनी लाल वाईनच्या पाच श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीत फक्त चार नावं: लाफीत, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियाँ. (हो, लातूर! आपल्या लातूरशी काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मनोरा.)

भावावरून गुणवत्ता ठरवली म्हणून नाक मुरडायचा मोह होतो. पण दलाल काही अडाणी नव्हते. थॉमस जेफरसन, म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो, १७८७ साली बोर्दोला आला होता. त्याने सर्वोत्तम म्हणून जी चार नावं टिपून ठेवली, ती हीच चार. मधे अडुसष्ट वर्षं गेली, राज्यक्रांती झाली, पहिला नेपोलियन आला आणि गेला, नावं तीच राहिली. लोक पीत आले, परत परत तीच वाईन मागत आले, त्यातून तो भाव ठरत गेला. म्हणजे चाखणं झालंच होतं, फक्त ते शंभरेक वर्षांत, हजारो अनोळखी माणसांनी केलेलं होतं.

पण दलालाला माहीत काय असणार? जे त्याच्या हातून जातं तेवढंच. लाल वाईनच्या त्या यादीतला सगळा माल मेदोकचा, अपवाद एकट्या ओ-ब्रियाँचा. मेदोक म्हणजे जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरची खडकाळ वाळूची पट्टी. उजव्या बाजूला, दोर्दोन्य नदीपलीकडे, सेंतेमिलियों आणि पोमरोल ही गावं आहेत. तिथे रोमन काळापासून वेली आहेत, पण त्यांचा व्यापार लिबूर्न गावातून चालायचा. बोर्दोच्या यादीत त्यांना पाटच मांडला नाही. आज जगातल्या सर्वांत महागड्या वाईनमध्ये गणली जाणारी पेत्रूस याच पोमरोलची. तिला कुठलीच सरकारी श्रेणी नाही.

या दोन काठांतला फरक मला पुस्तकापेक्षा जिभेवर जास्त कळला. मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी घरी एक मेदोकची आणि एक सेंतेमिलियोंची बाटली आणली, एकाच वर्षाची आणि साधारण एकाच किमतीची. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक घातले. एकीत कोऱ्या चहासारखा तुरटपणा होता. जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी आवळते, तशी आवळत होती, आणि वास नुकत्याच तासलेल्या शिसपेन्सिलीचा. दुसरी मऊ, आलुबुखारासारखी, पहिल्याच घोटात मैत्री करणारी. कारण मातीत आहे. मेदोकच्या दगडगोट्यांतून पाणी झरझर उतरतं, दगड ऊन धरून ठेवतात आणि उशिरा पिकणारं काबर्ने सोविन्यों तिथे नीट पिकतं. पलीकडच्या थंड चिकणमातीला लवकर पिकणारं मेर्लो मानवतं. यात वरचा कोण आणि खालचा कोण? आमच्यात दोन विरुद्ध दोन मतं पडली, आणि दोन्ही बाटल्या संपल्या.

श्रेणी मात्र जिभेला विचारत नाही. १८५५ ची श्रेणी शातोच्या, म्हणजे मळ्याच्या, नावाला चिकटलेली आहे. मालकाने नंतर त्याच गावातला शेजारचा मळा विकत घेऊन जोडला, तरी नव्या वेलींना जुनाच मान मिळतो. कांतमेर्ल हे एक नाव मागाहून लवकरच यादीत घातलं गेलं. पण त्यानंतर पंगत बदलून बसायला मिळालं ते एकट्या मुटाँ रॉथशिल्डला. फिलीप दे रॉथशिल्डने १९२२ मध्ये कारभार हाती घेतला आणि दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत जाण्यासाठी अनेक दशकं खटपट केली. १९७३ साली ते साधलं. हुकमावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची.

तीनच वर्षांनी, २४ मे १९७६ ला, स्टीव्हन स्परियर या इंग्रज विक्रेत्याने पॅरिसमध्ये लेबलं झाकून स्पर्धा घेतली. चार बोर्दो आणि सहा कॅलिफोर्नियाच्या लाल वाईन, गुण देणारे नऊ फ्रेंच जाणकार. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप. मुटाँ दुसरी, ओ-ब्रियाँ चौथी.

आणि २००१ साली खुद्द बोर्दोतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली, आणि तीच पांढरी वाईन बिनवासाचा लाल रंग घालूनही दिली. रंगवलेलीचं वर्णन त्यांनी लाल वाईनच्या शब्दांत केलं! नाकाआधी डोळे बोलले. मग नुसत्या रंगाने एवढं होत असेल, तर दीडशे वर्षांच्या नावाने काय होत असेल?

याचा अर्थ यादी दर काही वर्षांनी नव्याने करावी, एवढा सोपाही नाही. सेंतेमिलियोंने १९५५ मध्ये स्वतःची श्रेणी केली, साधारण दर दहा वर्षांनी बदलणारी. २००६ ची यादी न्यायालयात जाऊन रद्द झाली. २०२२ च्या यादीतून तर श्वाल ब्लाँ, ओझोन आणि आंजेलूस ही सर्वांत वरची नावं आपणहून बाहेर पडली. पुन्हा पुन्हा मांडल्या जाणाऱ्या पंगतीत दर वेळी रुसवे असणारच.

मला वाटतं, १८५५ ची यादी ही चांगली बखर आहे. त्या काळी कोण काय पीत होतं आणि त्यासाठी काय मोजत होतं, ते ती खरं सांगते. आज माझ्या पेल्यात काय आहे हे तिने सांगावं, अशी अपेक्षा करणं चूक. त्यासाठी वर्तमानपत्राचा कागद पुरतो. आधी चाखावं, आपले शब्द कागदावर उतरवावेत, मग लेबल उघडावं. नाव आणि भाव कळल्यावरही तेच शब्द कायम ठेवायची हिंमत होते का, ते पाहावं.

असो. जे पीत नाहीत त्यांनी हाच प्रयोग चहावर किंवा आंब्यावर करून पाहायला हरकत नाही. पेटीवरचं नाव तेवढं आधी झाका.