पत्र्यावरचे पाठभेद

साहित्याच्या अभ्यासकांनी जुन्या ट्रकच्या पत्र्याकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. मूळ संहिता कोणती, तीत मागाहून शिरलेला मजकूर कोणता आणि त्या मागाहूनच्या मजकुराचे मोल काय, हे प्रश्न आपण वर्गात ज्ञानेश्वरीच्या किंवा महाभारताच्या संदर्भात शिकवत असतो. अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकांचे छप्पर कापून, पत्रा ठोकून, सांधे बुजवून त्यांना नवे रूप देण्याची जी परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतर बहरली, तिच्या इतिहासात नेमके हेच प्रश्न उभे राहतात. तिथे त्यांची उत्तरे विद्वत्तेपुरती राहत नाहीत. कोणती वस्तू जपली जाईल आणि कोणती भंगारात जाईल, हे त्या उत्तरांवर ठरते.

पिकअपच्या जन्मापासूनच सुरुवात करू. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिला मालवाहू भावंड नव्हते. शेतकऱ्यांनी ही उणीव स्वतःच भरून काढली. गाडीचा मागचा भाग उतरवायचा, गावच्या सुताराकडून लाकडी खोके बनवून घ्यायचे, लोहाराकडून त्याला पट्ट्या मारून घ्यायच्या आणि दूध, धान्य, कोंबड्या बाजारात न्यायच्या, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मागणी एवढी स्पष्ट दिसू लागल्यावर एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने मागे पोलादी हौदा बसवलेली मॉडेल टी कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. या घटनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ज्याला आज संग्राहक ‘कारखान्याचे अस्सल रूप’ म्हणतात, ते रूप अगोदर अनाम सुतार-लोहारांनी घडवले होते आणि कारखान्याने ते मागाहून उचलले. पिकअपची ‘मूळ प्रत’ ही स्वतःच एका लोकपरंपरेची छापील आवृत्ती आहे.

पुढे यंत्रयुगाने आपला हक्क बजावला. १९३० च्या दशकात प्रचंड दाबयंत्रांखाली पोलादाचा अखंड पत्रा ओढून छप्परे आणि दारे काढण्याचे तंत्र स्थिरावले. एका साच्यातून हजारो एकसारख्या केबिन निघू लागल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धासाठी नागरी मोटारींचे उत्पादन थांबले. युद्ध संपल्यावर शेव्हरोलेने १९४७ मध्ये ‘अॅडव्हान्स डिझाइन’ ही ट्रकमालिका आणली आणि फोर्डने १९४८ सालासाठी ‘एफ’ मालिका आणली. गोलसर केबिन, फुगीर चाकझाकण्या, दोन सपाट काचांचे पुढचे तावदान असे शेव्हरोलेच्या या ट्रकचे रूप होते. शेतासाठी केलेले हे वाहन काही वर्षांतच स्वस्तात दुसऱ्या हाती मिळू लागले. दक्षिण कॅलिफोर्नियात विमानउद्योगामुळे वेल्डिंग आणि पत्राकाम जाणणारे हात पुष्कळ होते, आणि मोटारीचे वेड असलेली तरुण पिढीही होती. या दोहोंच्या भेटीतून साच्यातून निघालेल्या वस्तूवर पुन्हा हाताची मोहर उमटू लागली.

या कामाची परिभाषा समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट उमगणार नाही. ‘चॉपिंग’ म्हणजे खिडक्यांच्या पातळीवर केबिनचे खांब आडवे कापून काही इंच तुकडा काढायचा आणि छप्पर खाली आणायचे. ‘सेक्शनिंग’मध्ये केबिनच्या व दारांच्या मधल्या उंचीतून सबंध आडवी पट्टी काढून टाकतात. ‘चॅनेलिंग’मध्ये केबिन सांगाड्यावर न ठेवता सांगाड्याभोवती खाली उतरवतात. ‘फ्रेंचिंग’मध्ये दिवे पत्र्यात आत रुतवतात, आणि ‘शेव्हिंग’मध्ये मुठी, बिरुदे, नक्षीपट्ट्या काढून भोके बुजवतात. वर्णन सोपे वाटते, पण काम तसे नाही. केबिनचे खांब वर जाताना आत झुकलेले असतात. चार इंच कापून छप्पर खाली आणले, की वरच्या खांबांची टोके खालच्या खांबांवर बसत नाहीत, आतच राहतात. मग छप्परच उभे-आडवे कापून त्याचे चार भाग करावे लागतात, ते एकमेकांपासून दूर सरकवावे लागतात आणि मधल्या फटींत नव्या पत्र्याच्या पट्ट्या जोडाव्या लागतात. वेल्डिंगची उष्णता पत्र्याला आक्रसून वाकडे करते, म्हणून सलग सांधा न मारता इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका असे थांबत थांबत जावे लागते. नंतर आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलक्या हातोडीने तो भाग सपाट करावा लागतो. आपल्याकडच्या तांबटांच्या बोलीत यालाच मठारणे म्हणतात. एक उतारा गाळला तर सबंध प्रकरणाची रचना पुन्हा करावी लागते, हे संपादन केलेल्यांना सांगायला नको.

शेवटचा टप्पा शिशाचा. सांध्याजवळचा पत्रा घासून स्वच्छ करायचा आणि त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा. ही सरळ कल्हईच आहे. मग साधारण ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील यांच्या मिश्रधातूची कांडी ज्योतीखाली धरायची. हा मिश्रधातू सुमारे १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो आणि सुमारे २५५ अंशांवर पूर्ण वितळतो. मधल्या अवस्थेत तो लोण्यासारखा पसरतो. चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी फळीने तो सांध्यावर पसरवून गार झाल्यावर कानशीने घासून काढायचा. शिशाची धूळ विषारी असते आणि ती या कारागिरांच्या फुप्फुसांत गेली, हेही या सौंदर्याच्या हिशेबात धरले पाहिजे. १९५० च्या दशकात रासायनिक पुट्टी आली आणि शिशाचे काम हळूहळू मागे पडले. शिशाने भरलेल्या गाड्यांना चिकटलेले ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, हे नाव मात्र टिकले.

या कलेचा एक विलक्षण धर्म आम्हांला महत्त्वाचा वाटतो. काम जितके चांगले, तितके ते अदृश्य. रंग चढल्यावर सांधा दिसला, तर कारागीर हरला. त्यामुळे या इतिहासाचे अस्सल साधन पृष्ठभागावर नसते, ते पत्र्याच्या पाठीमागे असते. दाराचे अस्तर काढले, छताखाली आरसा धरला, म्हणजे वेल्डिंगचे मणके, हातोडीचे ठसे आणि जोडलेल्या पट्ट्या दिसतात. हस्तलिखितातील खाडाखोड वाचावी, तसा हा मजकूर वाचावा लागतो.

या परंपरेतील एका ट्रकचे चरित्र तर सरळ साहित्यव्यवहाराशी जोडलेले आहे. १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉड अँड कस्टम’ या मासिकाचे संपादक स्पेन्सर मरे यांनी १९५० सालचा एक शेव्हरोले पिकअप घेतला आणि त्याच्या रूपांतराची कहाणी अंकांमागून अंकांत छापली. पुढे काय बदलावे, हे वाचकांनी पत्रांतून सुचवायचे. ‘ड्रीम ट्रक’ या नावाने तो ओळखला गेला. बर्बँक येथील नील एमरी आणि क्लेटन जेन्सन यांच्या ‘व्हॅली कस्टम’ या कार्यशाळेने त्याचे सेक्शनिंग केले. आणखी कितीतरी कार्यशाळांचे हात त्याला लागले. क्रमशः कादंबरीच्या वाचकांनी लेखकाला पत्रे लिहावीत आणि कथानक वळावे, तसे हे पोलादातले क्रमशः लेखन होते. १९५८ मध्ये प्रदर्शनाच्या दौऱ्यावर दुसऱ्या गाडीमागे ओढून नेला जात असताना कॅन्सस राज्यात अपघात होऊन तो मोडला. पुढे काही दशकांनी त्याच्या अवशेषांतून तो पुन्हा उभा करण्यात आला.

पुन्हा उभा करताना प्रश्न असा, की परतायचे कोणत्या रूपाकडे? १९५० साली कारखान्यातून निघालेल्या ट्रकची आठवण कोणी काढली नाही. वाचकांनी आणि पत्रेकामगारांनी मिळून घडवलेले रूप हीच त्याची प्रमाण प्रत ठरली. जो पाठभेद होता, तोच मूळ झाला. याच काळातील एका प्रसिद्ध मोटारीने हे बाजारातही सिद्ध केले. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या कार्यशाळेत १९५२ साली रूपांतरित झालेली ‘हिरोहाता मर्क’ जानेवारी २०२२ मध्ये १९ लाख ५० हजार डॉलरच्या बोलीला विकली गेली. साच्यातून निघालेल्या तिच्या सख्ख्या बहिणींना कोणी एवढे मोल देणार नाही.

बॅरिस बंधूंच्या निमित्ताने कर्तृत्वाचाही प्रश्न पुढे येतो. पत्राकामातले कौशल्य प्रामुख्याने सॅमचे. ते जगापुढे मांडण्याचे, छायाचित्रे काढण्याचे, प्रसिद्धीचे कसब जॉर्जचे. १९६३ मध्ये टॉम वुल्फ यांनी ‘एस्क्वायर’ मासिकासाठी या जगावर लेख लिहायला घेतला. तो जमेना, म्हणून त्यांनी संपादकाला टिपणांचे लांबलचक पत्र पाठवले आणि संपादकाने तेच जवळजवळ जसेच्या तसे छापले. १९६५ मधील त्यांच्या पहिल्या संग्रहाला याच लेखावरून नाव मिळाले आणि अमेरिकेतील ‘न्यू जर्नालिझम’च्या इतिहासात तो आरंभबिंदूंपैकी एक मानला जातो. वुल्फ यांनी या कारागिरांना कलावंत म्हणून गंभीरपणे पाहिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यांच्या लेखात केंद्रस्थानी जॉर्ज आहे. सॅम १९६७ मध्ये वारला. बोलणारा इतिहासात येतो आणि ठोकणारा पत्र्याच्या मागे राहतो, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासालाही अपरिचित नाही.

रूप बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा वादही पत्र्यावर लढला गेला. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतील तरुण आपल्या जुन्या शेव्हरोले मोटारी आणि ट्रक जमिनीलगत खाली आणून संथपणे मिरवत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने चाकाच्या कड्याच्या खाली मोटारीचा कोणताही भाग येऊ नये, असा कायदा केला. त्याला उत्तर म्हणून विमानांच्या जुन्या द्रवदाब-यंत्रणा मोटारींत बसवण्यात आल्या: कळ दाबली की गाडी कायद्यात बसेल एवढी उंच, पुन्हा दाबली की खाली. तो निर्बंध १ जानेवारी २०२४ रोजी उठला. एका समाजाच्या शैलीला सहा दशके गुन्ह्याची छाया सोसावी लागली.

आपल्याकडे काय दिसते? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली होती, तेव्हा या वाहनकुळाशी आपला परिचय जुना आहे. ट्रकची नुसती चासी घेऊन स्थानिक कारागिराकडून बॉडी बांधून घेण्याची रीतही आपल्या महामार्गांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुने, खासगी वापराचे वाहन मूळ रूपात असावे; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. रस्त्यावरील सुरक्षिततेसाठी बदलांवर बंधन हवे, हे आम्हांला मान्य आहे. पण वारशाच्या व्याख्येत कारखान्याची पहिली आवृत्ती तेवढी ग्राह्य धरली, तर ‘ड्रीम ट्रक’सारखी वस्तू वारसा म्हणून नोंदलीच जाणार नाही. आपल्या गॅरेजांतून पन्नास वर्षांपूर्वी कोणा डेंटरने हाताने घडवलेली एखादी बॉडीही त्याच न्यायाने वगळली जाईल.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे इथे पाहण्यासारखे आहे. संपादकांनी प्राचीनतम पाठ वर घेतला आणि प्रक्षिप्त ठरलेला मजकूर तळटीपांत व परिशिष्टांत काळजीपूर्वक जपला. एखादा श्लोक नंतरचा आहे, याचा अर्थ तो निर्मूल्य आहे, असे त्यांनी मानले नाही. तो कोणत्या प्रदेशाने, कोणत्या परंपरेने घातला, हे सांगणारा तो पुरावा होता. वाहनांच्या वारशालाही अशा परिशिष्टाची गरज आहे. मूळ रूपाच्या नोंदीशेजारी, हे छप्पर कोणी, कधी, कोणत्या गावी कापले आणि कशाने सांधले, एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवली तरी पुरे. आज त्या हातांपैकी काही हात अजून काम करत आहेत. त्यांना विचारता येईल.