वीस पाच आणि एक छडी

पाठ्यपुस्तकं लहान मुलांसाठी असतात, अशा समजुतीत मी नगर जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांतून उभी हयात काढली. (2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, हे मला ठाऊक आहे. पण माझी पेन्शन नगरच्या नावानं सुरू झाली होती, तेव्हा जुन्या सवयीनं नगर म्हटलं तर सांभाळून घ्या.) निवृत्त झाल्यावर मी वर्तमानपत्र मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचू लागलो आणि तेव्हा कळलं की ही पुस्तकं खरं म्हणजे आमदारांसाठी असतात. मुलं ती नुसती पाठ करतात. आमदार ती सभागृहात उघडतात, मोठ्यांदा वाचतात आणि बाकं वाजवतात. माझ्या वर्गात बाक वाजवणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे.

गोष्ट 2019 च्या जूनमधली. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं होतं. त्यात एकवीसला 'वीस एक' आणि बावीसला 'वीस दोन' असंही म्हणावं, अशी सोय केली होती. 'असंही' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. जुनं एकवीस, बावीस कुणी काढून टाकलं नव्हतं. दोन्ही शेजारी शेजारी होतं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगलाबाई नारळीकर. बाई गणितातल्या जाणकार, आणि त्या शांतपणे सगळ्यांना समजावून सांगत होत्या, की त्र्याहत्तर, ब्याऐंशी असली जोडाक्षरांची काटेरी नावं सहा-सात वर्षांच्या पोराला जड जातात, दोन्ही रीती चालतील. पण महाराष्ट्रात एखादी गोष्ट शांतपणे सांगितली की ती कुणाला ऐकू जात नाही.

प्रकरण विधानसभेत गेलं. विरोधी बाकांवरून अजित पवारांनी विचारलं, की मग आता मुख्यमंत्र्यांना फडणवीस न म्हणता 'फडण दोन शून्य' म्हणायचं का? सभागृह हसलं. खोटं कशाला सांगू, चहाचा कप हातात असताना मीही हसलो. मग मास्तरकी जागी झाली. मी मनातल्या मनात लाल पेन काढलं आणि त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

पहिली चूक गणिताची. नव्या रीतीत वीसला वीसच म्हणायचं होतं! घोळ एकवीसपासून पुढे. म्हणजे फडणवीस नव्या पुस्तकातही फडणवीसच राहत होते. ज्या पुस्तकावर एवढा वाद चालला होता, त्याचं ते पान ज्यानं उघडलं असेल अशा दुसरीतल्या कुठल्याही पोरानं हात वर करून हे सांगितलं असतं. सभागृहात तसा हात वर झाल्याचं मी तरी वाचलं नाही.

दुसरी चूक मराठीची, आणि ती जास्त गोड आहे. फडणवीसमधला 'वीस' हा आकडाच नव्हे. फडणवीस हा फारसी 'फर्दनवीस'चा मराठी अवतार. फर्द म्हणजे यादी, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. चिटणीस, पोतनीस, वाकनीस ही सगळी त्याच घरातली भावंडं. तेव्हा 'नवीस'चे दोन शून्य करणं म्हणजे लिहिणाऱ्यालाच शून्य करणं. ते आपल्याकडे राजकारणात अधूनमधून चालतंच, पण इतक्या अजाणतेपणी नव्हे.

आता मुख्यमंत्री गप्प बसतील तर ते मुख्यमंत्री कसले? देवेंद्र फडणवीसांनी बालभारतीच्या पुस्तकांतली वाक्यंच सभागृहाला वाचून दाखवली. एका वाक्यात छगनला कमळ बघायला सांगितलं होतं, एकात शरदला गवत आणायला, एकात हसनला पटकन उठायला. पुन्हा हशा, पुन्हा बाकं. विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांची नावं आणि सत्ताधाऱ्यांची निशाणी एकाच धड्यात, म्हणजे दिवाळी अंकाच्या संपादकानं पाय धरावेत असा योग.

पण कुणा मास्तराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की यात राजकारण नाही, यात काना नाही. मात्रा, वेलांटी, उकार, काही नाही! पोर नुकतं अक्षरं ओळखायला लागलेलं असतं, तेव्हा त्याला कमळ, गवत, पटकन, बघ असे उघडेबोडके शब्दच द्यावे लागतात. माणसंही तशीच शोधावी लागतात. छगन, शरद, हसन, कमल. बिनकाना-मात्र्यांची नावं मराठीत फार नाहीत, आणि जी आहेत ती नेमकी पुढाऱ्यांच्या आईबापांनी आधीच घेऊन ठेवलेली. 'अजित' यायला पोरानं वेलांटी शिकावी लागते. 'देवेंद्र' तर मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर झाल्याखेरीज वाचताच येत नाही. आणि क कमळाचा हे म्हणाल, तर भारतीय जनता पक्ष 1980 साली निघाला. त्याच्या कितीतरी आधी मी स्वतः पाटीवर क कमळाचा गिरवून मार खाल्लेला आहे.

त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्याचं एक वेगळंच गाजत होतं. 16 जूनला मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि परवापरवापर्यंत विरोधी पक्षनेते आणि शिर्डीचे आमदार असलेले राधाकृष्ण विखे पाटील त्यात गृहनिर्माणमंत्री झाले. त्यांना कमळ बघायला कुठल्या धड्यानं सांगावं लागलं नव्हतं. (हे नाव पहिलीच्या पुस्तकात येणं शक्य नाही. 'कृष्ण'साठी ऋकार आणि जोडाक्षर दोन्ही लागतात.)

असो. हे सगळं मी पारावर रंगवून सांगत असे आणि लोक हसत. घरी सांगितलं तेव्हा सौ. हसली नाही. ती म्हणाली, "आणि तो पंचवीसवाला पोरगा? त्याचं नाही सांगत कुणाला?"

अडचण इथं आहे.

अकोले तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, एका शाळेवर मी ऐन उमेदीत होतो. पोरं आदिवासी. पावसाळ्यात अंगावर इरलं, उरलेल्या वर्षात अंगावर फारसं काही नाही. हिरड्याच्या दिवसांत निम्मी शाळा रानात. त्यातला एक पोरगा तल्लख होता. तोंडी हिशेब विचारा, बरोबर. पण मी 'पंचवीस' म्हटलं की पाटीवर 52 लिहायचा. 'सदतीस' म्हटलं की 73. मी म्हणालो, लक्ष नाही. मग म्हणालो, माजलाय. मग छडी. आठवडाभर रोज छडी.

एकदा हात पुढे करताना तो म्हणाला, "गुर्जी, तुम्ही पंच म्हन्ता पैलं. म्या पाच लिवतो पैलं. मंग?"

मला उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही की मास्तर जे करतो ते मी केलं. त्या दिवशी एक छडी जास्त दिली.

2019 साली मंगलाबाईंचं म्हणणं वर्तमानपत्रात वाचताना माझ्या हाताला घाम आला, तो यामुळे. बाई जे सांगत होत्या ते त्या पोरानं कितीतरी वर्षांपूर्वी मला एका वाक्यात सांगितलं होतं. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. कान एकीकडे ओढतो, हात दुसरीकडे. कानडीत, तेलुगूत, तमिळमध्ये वीस आधी आणि एक नंतर, त्यामुळे तिथल्या पोराला ही छडी खावी लागत नाही. जर्मन पोरं मात्र आपल्यासारखीच 'एक आणि वीस' म्हणतात. नॉर्वेतही तसंच म्हणत. तिथे टेलिफोन खात्यानं गाऱ्हाणं घातलं की लोक नंबर उलटे फिरवतात. तिथल्या पार्लमेंटनं विचार केला, ठराव केला आणि 1951 पासून शाळेत नि सरकारी कामात दशक आधी बोलायचं ठरलं. कुणाच्या आडनावाची चौकशी झाल्याचं ऐकिवात नाही. जुनी माणसं अजूनही जुनंच बोलतात, आणि तेही चालवून घेतात.

मी असं म्हणत नाही की आपणही तेच करावं. मला स्वतःला 'वीस पाच' म्हणताना तोंडात खडा आल्यासारखं होतं. माझ्या आजीचे पाढे, पावकी, निमकी, सगळं त्या जुन्या नावांत विणलेलं आहे. पण निदान त्या पोराचा प्रश्न सभागृहात एकदा निघायला हवा होता. सभागृहात हशा पिकला, आणि तो प्रश्न हशाच्या खाली दबला.

पुढाऱ्यांचं आणि पुस्तकांचं हे असंच. 2010 साली रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी आपण काही उतारे वाचल्याचं आणि भाषा आक्षेपार्ह असल्याचं सांगितलं होतं. उतारे! आमच्या भागात पुढारी उतारा वाचतो तो सातबाराचा, आणि त्यात मात्र एक अक्षर सोडत नाही.

2020 चा प्रकार तर मला जास्त लागला. आठवीच्या मराठीच्या पुस्तकात यदुनाथ थत्त्यांचा एक देशप्रेमाचा पाठ होता. त्यात भगतसिंग, राजगुरू आणि कुर्बान हुसेन अशी तीन नावं ओळीनं आली होती. झालं! सुखदेव काढून हे कोण घुसवलं, म्हणून निषेध, निवेदनं, माफीच्या मागण्या. पुस्तक त्याआधी दोन वर्षं मुलांच्या हातात होतं, पण मुलांनी तक्रार केली नव्हती. मीही वर्तमानपत्र आपटून म्हणालो, "छपाईची चूक! दुसरं काय?" आणि सोलापूरच्या आमच्या व्याह्यांना फोन लावला. ते अर्धा मिनिट बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडे चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. तुम्ही लग्नाला आलात तेव्हा त्यांच्याच समोर रिक्षावाल्याशी भांडत होता."

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. थत्त्यांनी शीख, हिंदू आणि मुसलमान असे तीन हुतात्मे मुद्दाम एका माळेत ओवले होते. चूक छापखान्याची नव्हती, आमची होती. व्याह्यांसमोर मान खाली घालायचा मान एरवी मुलीच्या बापाकडे असतो. मी मुलाचा बाप असून घातली.

2024 साली पहिलीच्या एका कवितेत 'वन्स मोअर' शब्द आला म्हणून मराठी बुडाल्याची हाकाटी झाली, ती मी फारशी मनावर घेतली नाही. बालगंधर्वांच्या काळापासून मराठी माणूस नाटकाच्या थिएटरात तेच ओरडत आला आहे.

मन रमतं ते आमच्या किल्ल्यात. नगरच्या भुईकोटात 1942 ते 1945 काँग्रेसची वर्किंग कमिटी कोंडली होती. नेहरूंनी तिथे 1944 साली पाचेक महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. मौलाना आझादांनी उर्दूत पत्रं लिहिली, धाडता न येणारी. चहा कसा असावा यावर लिहिलं, खोलीतल्या चिमण्यांशी चाललेल्या लढाईवर लिहिलं आणि तिकडे कलकत्त्याला बायको वारली तेव्हा तेही लिहिलं. त्याचं पुढे 'गुबार-ए-खातिर' झालं, आणि आझाद पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. आपण सगळे नंतर शाळेत गेलो ते त्यांच्या खात्यात.

सातवीची सहल घेऊन मी किल्ल्यात जायचो आणि हे सगळं सांगायचो. एका सहलीत मागच्या रांगेतून प्रश्न आला, "गुरुजी, पुढाऱ्यांनी पुस्तक लिवायला त्यांना कोंडावं लागतं का?" मी त्याला दटावलं. बाहेर येऊन पाणी पिताना मीच हसत बसलो.

गेल्या वर्षी राजूरच्या बाजारात एक माणूस पाया पडला. डोक्याचे केस पांढरे, स्वतःचा पिकअप टेम्पो, टोमॅटोचे क्रेट. मी ओळखलं नाही. त्यानं हसून तळहात पुढे केला, तेव्हा ओळखलं.

काय बोलावं ते सुचेना. म्हटलं, फोन नंबर तरी दे. तो घडाघडा म्हणाला, "नाईन, एट..."

"अरे, मराठीत सांग की."

"मराठीत?" त्यानं माझ्या पिशवीकडे बघितलं. "पैलं छडी आणलीय का ते बघू द्या, गुर्जी."

मग त्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच आकडे दाबले. लगेच त्याच्या खिशात घंटी वाजली.