अरबी समुद्रातील चक्रीवादळे : अंदाज, इशारे आणि गोवा

अटलांटिक महासागरात १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा सलग हंगाम मानला जातो. अरबी समुद्राचे गणित वेगळे आहे. ऐन पावसाळ्यात वातावरणाच्या खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत मोठी तफावत असल्याने चक्रीवादळाची उभी रचना टिकत नाही. म्हणून येथे वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात निर्माण होतात. गोव्यातील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. त्यामुळे या दोन्ही कालखंडांत बहुतांश दिवस ट्रॉलर समुद्रात असतात.

वर्गवारी

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की भारतीय हवामान विभाग त्या प्रणालीस चक्रीवादळ म्हणतो व तिला नाव देतो. वेग २२२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाल्यास ते महाचक्रीवादळ ठरते. नावे १३ देशांनी सुचविलेल्या यादीतून क्रमाने घेतली जातात.

२०१९ चा हंगाम

त्या वर्षी 'वायू', 'हिक्का', 'क्यार', 'महा' आणि 'पवन' अशी पाच चक्रीवादळे अरबी समुद्रात उद्भवली व १९०२ च्या विक्रमाशी बरोबरी झाली. पश्चिम हिंद महासागराचे पाणी पूर्वेपेक्षा अधिक तापण्याची स्थिती, म्हणजे धन द्विध्रुव, त्या वर्षी अतिशय प्रबळ होती. 'क्यार' हे २००७ च्या 'गोनू'नंतरचे अरबी समुद्रातील पहिले महाचक्रीवादळ होय.

अंदाज आणि त्याच्या मर्यादा

हवामान विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांचा दृष्टिक्षेप प्रसिद्ध करतो. प्रत्यक्ष इशारे चार टप्प्यांत दिले जातात : ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा आणि १२ तास आधी किनारा ओलांडल्यानंतरच्या स्थितीचा अंदाज. तरीही मार्ग बदलू शकतो. जून २०१९ मध्ये 'वायू' गुजरातला धडकणार म्हणून सुमारे तीन लाख लोकांना हलविण्यात आले. वादळ मात्र पश्चिमेकडे वळले. ते स्थलांतर व्यर्थ म्हणता येणार नाही, कारण वादळ वळेल याची हमी कोणापाशीच नव्हती.

गोव्यावरील परिणाम

अलीकडच्या वर्षांत गोव्याची हानी झाली ती दुरून गेलेल्या वादळांनीच. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' खोल समुद्रातून पुढे सरकत असताना उसळलेल्या लाटांनी पेडण्याच्या किनाऱ्यावरील शॅकचे नुकसान केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार'च्या काळातील खवळलेल्या समुद्रात 'नु शी नलिनी' हे नाफ्थावाहू जहाज मुरगाव बंदर परिसरातून भरकटून दोनापावलजवळ रुतले. १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले व १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात जमिनीवर आले. पण गोव्यात झाडे व वीजखांब कोसळून दोघांचा बळी गेला आणि राज्याच्या मोठ्या भागातील वीजपुरवठा खंडित झाला.

नकाशावरील रेषा केवळ वादळाच्या केंद्राचा मार्ग दाखविते. वारा, पाऊस व लाटा त्याच्या कितीतरी पलीकडे पोहोचतात. म्हणून 'गोव्याला धडकणार नाही' एवढे वाचून थांबू नये. मच्छीमारांसाठीची सूचना, वाऱ्याचा अपेक्षित वेग आणि लाटांची उंची या तीन नोंदी प्रत्येक वेळी पाहाव्यात.