हाडवैद्याची शाळा

आमच्या नात्यातल्या एका मुलीला अमेरिकेत मेडिकलला प्रवेश मिळाल्याची बातमी चतुर्थीच्या दिवसांत घरी आली. सगळ्यांना आनंद झाला. मग कुणीतरी कॉलेजचे नाव मोठ्याने वाचले, त्यात 'ऑस्टिओपथिक' असा शब्द निघाला आणि आनंदाला जरा ओहोटी लागली. "म्हणजे ती खरी डॉक्टर होणार ना रे?" काकीने हळूच विचारले. स्विंडनला स्थायिक झालेल्या चुलतभावाने फोनवरून आणखी भर घातली. त्याच्या रस्त्यावर ऑस्टिओपॅथची पाटी आहे म्हणे. पाठ धरली की लोक तिथे जातात, पण तो औषध लिहून देत नाही. झाले! पोरगी अजून कॉलेजात गेलीही नव्हती आणि घरात तिची 'मालिशवाली' झाली.

मी सरकारी कचेरीतला कारकून. नोकरीच्या अर्जांत शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात 'अमुक पदवी किंवा समकक्ष' असे छापलेले असते. त्या 'किंवा समकक्ष'पाशी माणसे कशी अडतात हे मी टेबलाच्या या बाजूने वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. बी.ए.ला इतिहास घेतला होता, ती खोडही आहेच. म्हणून काकीच्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधायचे ठरवले. एका शब्दात उत्तर 'हो' असे आहे. पण त्या 'हो'ला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ती कथा सांगण्यासारखी आहे.

आपल्याकडे कमरेत चमक भरली की पायाळू माणूस शोधतात. तो पाय लावतो आणि चमक जाते अशी समजूत. मुरगळलेला पाय हाडवैद्याकडे न्यायचा हे तर घरोघरी. असे हाडवैद्य जगात सगळीकडे होते, तसे ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतही होते. त्यांपैकी एकाने मात्र कॉलेज काढले.

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ सालचा, व्हर्जिनियातला. वडील मेथॉडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलगा वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकला. घराणे गुलामगिरीच्या विरोधातले. यादवी युद्धात स्टिल कॅन्ससमध्ये उत्तरेच्या बाजूने लढले. १८६४ साली त्यांच्या घरातली तीन मुले मेंदूज्वराने गेली. डॉक्टर आले, औषधे झाली, उपयोग शून्य.

त्या काळची औषधे म्हणजे काय होती हे ध्यानात घेतले तर स्टिल यांचा पुढचा संताप कळतो. पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल, अफू, दारू आणि रक्त काढणे. रोगी कधी रोगाने मरे, कधी उपचाराने. स्टिल औषधांवरून उठले. हाडे घेऊन शरीररचनेचा अभ्यास करत बसले. शरीर हे यंत्र आहे, हाड जागचे हलले की रक्ताची वाट अडते आणि रोग होतो, हाताने ते जागेवर आणले की शरीर स्वतःच बरे होते, असा त्यांनी सिद्धान्त बांधला. २२ जून १८७४ हा दिवस ते आपल्या शास्त्राचा जन्मदिवस मानत. 'ऑस्टिओपथी' हे नाव त्यांनीच पुढे दिले. ग्रीक भाषेत 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड.

सिद्धान्त म्हणून यातले बरेच चुकीचे होते, हे आज स्पष्ट म्हटले पाहिजे. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. तो काही मणका सरकल्यामुळे शरीरात शिरत नाही. पण जो वैद्य पारा पाजत नाही त्याच्या हातून निदान पाऱ्याने तरी रोगी मरत नाही, आणि दुखऱ्या पाठीला हाताने आराम पडतो हेही खरे. कॅन्ससमधल्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीत स्टिल घराण्याचा हात होता. पण त्याच विद्यापीठाने त्यांना आपले म्हणणे मांडू दिले नाही. १८७५ साली ते मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी आले. हाडवैद्य म्हणून आसपासची गावे हिंडले. हळूहळू लोक आगगाडीने त्या आडगावी येऊ लागले.

१८९२ साली त्यांनी तिथे 'अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपथी' काढले. दोन खोल्यांची लाकडी इमारत. एडिंबरोत शिकलेले विल्यम स्मिथ नावाचे डॉक्टर शस्त्रक्रियेची हत्यारे विकत फिरत गावात आले होते. त्यांनी शरीररचना शिकवायची आणि बदल्यात स्टिल यांची विद्या शिकायची असा सौदा ठरला. पहिल्या वर्गात एकवीसच्या आसपास विद्यार्थी, आणि त्यांत स्त्रियाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, पण ते कॉलेज खास स्त्रियांसाठीचे होते. कर्क्सव्हिलला सहा वर्षांनी स्त्री-पुरुष एकाच वर्गात बसले. त्या पहिल्या वर्गातल्या नेटी बोल्स पुढे या पंथाच्या नामवंत शिक्षिका झाल्या. शाळेला एम.डी. पदवी देता आली असती. स्टिल यांनी मुद्दाम डी.ओ. दिली. आपण वेगळे आहोत हे पदवीतच दिसावे, हा त्यामागचा हट्ट.

त्या हट्टाची किंमत पुढच्या तीन पिढ्यांनी मोजली.

पदवी दिली म्हणून धंदा करता येतो असे नाही, त्याला सरकारचा परवाना लागतो. अमेरिकेत तो दर राज्याचा वेगळा. १८९६ साली व्हरमाँट राज्याने पहिल्यांदा ऑस्टिओपॅथना मान्यता दिली. खुद्द मिसुरीत १८९५ साली विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांनी अडवले, मग १८९७ साली कायदा झाला. १९०१ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे त्यांच्या बाजूने बोलायला कोण उभे राहिले, तर मार्क ट्वेन! लेकीच्या अपस्मारासाठी ते युरोपात अशाच हाताच्या उपचाराकडे वळले होते. शरीर माझे, ते कुणाच्या हाती द्यायचे हे मी ठरवीन, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. तरीही न्यूयॉर्कचा कायदा व्हायला १९०७ साल उजाडले.

१९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला. अमेरिका आणि कॅनडातल्या मेडिकल शाळा एकेक करून पाहून त्यांनी बहुतेकांची लक्तरे वेशीवर टांगली. ऑस्टिओपथीच्या आठही शाळा त्यातून सुटल्या नाहीत. फी गोळा करणारी दुकाने, असा सूर. पण त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता. उपचार हाताने करा की औषधाने, आधी रोग ओळखता आला पाहिजे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा, इस्पितळ, पूर्ण शिक्षण लागतेच. गंमत पाहा, विरोधकाने दिलेला हाच ठोसा या शाळांना पुढे वाटाड्या ठरला. अभ्यासक्रम लांबला, प्रवेशाच्या अटी वाढल्या, स्वतःची इस्पितळे उभी राहिली. स्टिल १९१७ साली वारले. १९२९ साली त्यांच्याच संघटनेने औषधशास्त्र शिकवायला रीतसर मुभा दिली. म्हाताऱ्याला ते आवडले नसते. पण ते झाले नसते तर आज डी.ओ. हा डॉक्टर राहिला नसता.

स्विंडनच्या पाटीचा उलगडा इथेच होतो. कर्क्सव्हिलला शिकलेले जॉन मार्टिन लिटलजॉन हे स्कॉटिश गृहस्थ परत गेले आणि १९१७ साली त्यांनी लंडनला शाळा काढली. ती शाखा हातावरच राहिली, औषध-शस्त्रक्रियेकडे गेली नाही. ब्रिटनमध्ये १९९३ साली ऑस्टिओपॅथसाठी स्वतंत्र कायदा झाला, पण तो डॉक्टर नव्हे. अमेरिकेतला डी.ओ. मात्र औषध लिहितो, बाळंतपण करतो, हृदयाची शस्त्रक्रियाही करतो. शब्द एक, मूळ एक, पण दोन फांद्या दोन दिशांना गेल्या. आमचा चुलतभाऊ खोटे बोलत नव्हता, तो दुसऱ्याच फांदीबद्दल बोलत होता.

समान काम करूनही समान मान नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने डी.ओ. मंडळींना डॉक्टर म्हणून घेतले नाही. ती घरीच राहिली, आणि आघाडीवर गेलेल्या एम.डी. डॉक्टरांचे रोगी त्यांच्याकडे आले. अपमानातून झालेला हा फायदा! सैन्याचे दार १९६६ साली उघडले.

खरी कसोटी कॅलिफोर्नियात लागली. १९६१-६२ साली तिथल्या दोन्ही संघटनांनी करार केला. डी.ओ. असलेल्याने ६५ डॉलर भरायचे आणि एम.डी. पदवी घ्यायची. दोन हजारांहून अधिक जणांनी घेतली. लॉस एंजेलिसचे त्यांचे कॉलेज एम.डी. कॉलेज झाले, आणि त्या राज्यात नव्या डी.ओ.ना परवाना देणे जनमत घेऊन बंद करण्यात आले. काल कमअस्सल असलेला माणूस ६५ डॉलरच्या पावतीवर आज अस्सल झाला. विद्या तीच, हात तेच. मग काल कमी काय होते? हा प्रश्न ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांनी धरून ठेवला. १९७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने पुन्हा सुरू करायला लावले. आदल्याच वर्षी, १९७३ साली, मिसिसिपीने मान्यता दिली होती आणि पन्नासही राज्यांत डी.ओ.ना पूर्ण हक्क मिळाले होते. मिशिगनमध्ये तर सरकारी विद्यापीठातच ऑस्टिओपथिक कॉलेज आले. जे विलीन झाले ते मिटले, जे वेगळे राहिले ते समान झाले. असे क्वचितच घडते.

गोव्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. १८४२ साली पणजीत 'एश्कोला मेदिका' सुरू झाली. आशियातल्या जुन्या पाश्चात्त्य वैद्यकशाळांपैकी ती एक. तिथला पदवीधर गोव्यात डॉक्टर, पण खुद्द पोर्तुगालात जाऊन दवाखाना थाटायचा तर त्याला तिकडच्या कॉलेजात पुन्हा शिकावे लागे. आफ्रिकेतल्या वसाहतींत मात्र तो हवा असे. साथीच्या रोगांत, तापाच्या मुलखात तो चालत असे, पण नेमणूक दुय्यम दर्जाची. आमच्या गावांतल्या जुन्या घरांत अशा डॉक्टरांच्या तसबिरी अजून आहेत. १९६१ साली सत्ता गेली, १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झाले, आणि तो दुय्यमपणा कुणी न मागता कागदावरून पुसला गेला. तोवर ज्यांची आयुष्ये त्यात सरली, त्यांच्या पदरी काय पडले? मिसुरीतल्या डॉक्टरांना निदान आपापल्या विधिमंडळापुढे भांडता आले. आमच्या डॉक्टरांना ती सोयही नव्हती.

असो. आज प्रवेश कसा होतो? आधी चार वर्षांची पदवी, जीवशास्त्र-रसायनशास्त्राचे ठरावीक विषय घेऊन. मग एम.डी.ला लागते तीच एमकॅट परीक्षा. बहुतेक सगळ्या ऑस्टिओपथिक कॉलेजांना मिळून एकच सामाईक अर्ज जातो. त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा वेगळा पुरवणी अर्ज आणि वेगळी फी. अनेक ठिकाणी एखाद्या डी.ओ. डॉक्टरचे शिफारसपत्र मागतात, त्यामुळे मुले आधी त्यांच्या दवाखान्यात बसून काम पाहतात. मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला : ऑस्टिओपथीच का? या कॉलेजांकडे पूर्वी 'दुसरी संधी' म्हणूनही पाहत. नापास झालेला विषय पुन्हा देऊन चांगले गुण मिळवले तर जुने गुण हिशेबात धरत नसत. २०१७ पासून ती सवलत गेली, आता सगळे प्रयत्न मोजतात.

अभ्यास चार वर्षांचा. पहिली दोन वर्षे वर्गात, पुढची दोन इस्पितळांत. एम.डी.चे सगळे विषय, वर हाताच्या उपचाराचे सुमारे दोनशे तास. तिथे मुले एकमेकांच्याच पाठीवर, मानेवर हात बसवतात. स्वतःची 'कॉमलेक्स' परीक्षा असतेच, पण मोठ्या इस्पितळात जागा हवी म्हणून बरेच जण एम.डी.वाल्यांचीही परीक्षा देतात. म्हणजे वेगळेपणाचा कर अजून भरावा लागतो. पुढचे प्रशिक्षण मात्र २०२० पासून दोघांना एकाच व्यवस्थेखाली आले. आज अमेरिकेत मेडिकल शिकणाऱ्या चारांपैकी साधारण एक विद्यार्थी डी.ओ.चा असतो. त्यांतले पुष्कळ लहान गावांत आणि साध्या आजारांच्या डॉक्टरकीत जातात, जिथे इतर डॉक्टर जायला फारसे राजी नसतात.

आणि तरीही प्रश्न संपलेला नाही. २०२० साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना कोविड झाला. त्यांचे डॉक्टर शॉन कॉन्ली माध्यमांसमोर आले, तेव्हा हा डी.ओ. म्हणजे खरा डॉक्टर का, अशी कुजबुज अमेरिकेतच झाली. पुढचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचे डॉक्टर केव्हिन ओकॉनर, तेही डी.ओ.! तेव्हा आमच्या काकीला एकटीला दोष देऊन चालणार नाही.

उलट बाजूचा प्रश्नही सोडू नये. दोनशे तास शिकलेला हात पुढे किती जण वापरतात? बहुतेक डी.ओ. डॉक्टर तो रोजच्या कामात क्वचितच वापरतात. पाठदुखीसाठी त्याचा उपयोग होतो याला काही आधार आहे, पण कवटीची हाडे चाचपून रोग बरे करण्याच्या दाव्याला नाही. ज्या वेगळेपणासाठी स्टिल यांनी एम.डी. नाकारली, त्यातले पदवीच्या नावात उरले आहे तेवढे कामात उरलेले नाही, असे माझे मत झाले आहे. त्यांच्यातलेच अनेक जण हे म्हणतात.

पण माझ्या टेबलावरून मला दुसरी गोष्ट दिसते. समकक्ष हा शब्द एखादा बाबू शिक्का मारून लिहितो खरा, तो खरा ठरवते मात्र त्यामागची प्रयोगशाळा, इस्पितळ आणि परीक्षा. कर्क्सव्हिलच्या शाळेला आज स्टिल यांचेच नाव आहे. दोन खोल्यांची ती पहिली इमारत तिथे जपून ठेवली आहे. काकीला मी एवढेच सांगितले, की पोरगी तिथल्या कुठल्याही डॉक्टरइतकीच शिकणार आहे, आणि वर दोनशे तास जास्त.